टंकलेखकाच्या नजरचुकीने

‘तू बाहेरच थांब. आत एसी आहे, वास कोंडतो.’

दसरा होता. माझ्या हातात झेंडूचा हार. पहाटे उठून मीच ओवलेला. ठाण्याला कोर्ट नाक्याजवळ आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस, आणि त्या वर्षी तिथे पहिल्यांदा कॉम्प्युटर आलेला. नव्वदीची सुरुवात. अख्ख्या रस्त्यात कुठल्या वकिलाकडे कॉम्प्युटर नव्हता. साहेबांनी त्याच्यासाठी ऑफिसचा अर्धा भाग काचेने वेगळा केला, आत एसी बसवला, खाली गालिचा अंथरला. दाराबाहेर चपला काढायच्या. आत नारळ, हळदकुंकू, आपट्याची पानं, सगळी मांडामांड झालेली.

बोलले ते धाकटे साहेब. म्हणजे साहेबांचे पुतणे, नुकतेच वकील होऊन आलेले. कॉम्प्युटर त्यांनीच आणायला लावलेला. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. दिवा लाव, पंखा बंद कर, तसं सांगितलं. हाराचं टोक दोन बोटांत धरून त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. साहेब आत पाटावर बसलेले. त्यांनी ऐकलं. मान वर केली नाही.

आम्ही चेंदणीच्या कोळीवाड्यातले. आई मार्केटात मासळी विकायची. मी नाही विकली कधी. आईनेच टोपलीला हात लावू दिला नाही. मी मराठी-इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, पास झाले आणि ह्या ऑफिसात नऊ वर्षं बसले. रोज निघताना लिंबू चोळून हात धुवायचे. नखात लिंबू जाऊन जळजळायचं. वर पावडर. बसच्या सीटवर बसताना बाजूची बाई पदर नाकाशी नेते का, तेवढं बघायची सवय लागलेली. इतकं करूनही वास येतोच म्हणे. आता खरंच येत होता की त्यांना माझं आडनाव ऐकून यायचा, देव जाणे.

आदल्या आठ दसऱ्यांना टाईपरायटरची पूजा मी केलेली. ब्रशने अक्षरांतली शाई काढायची, तेल घालायचं, कुंकू लावायचं. तेव्हा वास कोंडत नव्हता का? तेव्हा खिडकी उघडी होती एवढंच.

राग आला का, विचाराल तर नाही आला. दमल्यासारखं झालं. जिन्यात जाऊन पायरीवर बसले. आतून घंटा वाजली, मग पेढे आले. माझा पेढा कागदावर ठेवून बाहेर पाठवला. मी खाल्ला. हो, खाल्ला. खोटं कशाला सांगू.

त्यानंतर माझं टेबल हललं. काचेच्या खोलीला जागा गेली, म्हणून माझा टाईपरायटर मोरीच्या दाराशी. दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळं आता कॉम्प्युटरवर. माझ्याकडे पाकिटांवरचे पत्ते आणि नोटिसा. आणि शिलाई. प्रिंटरमधून लांबच लांब कागद यायचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. त्या कडा फाडायच्या, पानं सुटी करायची, आकडे घालायचे, दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवायचं. धाकटे साहेब कागदाची चळत दारातून माझ्या हातात द्यायचे. मी दार ओलांडायचं नाही. कोणी परत सांगितलं नाही. एकदा सांगितलेलं पुरे होतं.

काचेतून मला दिसायचं सगळं. धाकटे साहेब दोन बोटांनी टाईप करायचे. एक अक्षर शोधायला अर्धा मिनिट. मी डोळे बांधून मिनिटाला चाळीस शब्द काढणारी, आणि मी बाहेर बसून पाकिटांना डिंक लावतेय. एकदा खोली झाडून बाई बाहेर आली तेव्हा दार उघडं राहिलेलं. मान लांब करून मी की-बोर्ड पाहिला. इंग्रजी अक्षरं माझ्या मशीनवर जिथे होती तिथेच. जागचं हललेलं एकही अक्षर नाही. म्हणजे हे इतकं सोवळं कशाचं होतं, मला कळेना.

टाईप करायचा कंटाळा म्हणून धाकट्या साहेबांनी युक्ती काढली. जुना दावा उघडायचा, नावं बदलायची, छापायचा. पंधरा पानांचा दावा दहा मिनिटांत. साहेब खूश. भेटायला येईल त्या वकिलाला काचेजवळ नेऊन दाखवायचे. म्हणायचे, आता टायपिस्टचं काही खरं नाही. मी तिथेच बसलेली असायचे.

अशात हिराबाय आली.

घोडबंदर रोडच्या आत, खाडीकाठच्या गावची. पन्नाशीची असेल. घोडबंदरला तेव्हा बिल्डर नुकते शिरायला लागलेले. हिराबायचं घर आणि घरापुढे खळं, म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. जवळा, बोंबील तिथे सुकवून ती बाजारात न्यायची. नवरा गेलेला, पोरगी लग्न होऊन गेलेली. ते खळं म्हणजेच तिचं पोट. शेजारची जमीन घेणारा बिल्डर म्हणत होता, खळं माझ्या नकाशात येतं, मी कुंपण घालणार. त्याविरुद्ध हिराबायला कोर्टाची मनाई हवी होती. लवकर हवी होती, खांब येऊन पडलेले.

ती आली तेव्हा ऑफिसभर सुकटीचा वास. धाकट्या साहेबांनी काचेचं दार लावून घेतलं आणि मला सांगितलं, तूच बोल तिच्याशी, माहिती लिहून घे. तेवढ्यापुरती मी उपयोगाची. मी लिहून घेतलं. जागेच्या दाव्यात चतुःसीमा लागते. चारी दिशांना काय आहे ते. हिराबायने डोळे मिटले आणि बोटाने दाखवत सांगितलं.

‘उगवतीला खारीचा बांध. मावलतीला देवीचं देऊल. वरत्या अंगाला माज्या दिराचं घर. खालत्या अंगाला तिवरं.’

सुंदर अक्षरात मी उतरवलं. पूर्वेस खाडीचा बांध, पश्चिमेस गावदेवीचं देऊळ, उत्तरेस दिराचं घर, दक्षिणेस तिवरांचं रान. कागद काचेच्या दारातून आत दिला.

दुसऱ्या दिवशी दावा छापून बाहेर आला. कडा फाडताना मी वाचत गेले. नऊ वर्षांची खोड, न वाचता पान शिवता येत नाही. आठव्या पानावर हात थांबला. पूर्वेस इमारत क्रमांक चार. पश्चिमेस वसाहतीचा अंतर्गत रस्ता. दक्षिणेस पाण्याची टाकी. हे हिराबायचं खळं नव्हतं. ही वर्तकनगरची एक सोसायटी होती, तिच्या भिंतीच्या भांडणाचा दावा मागच्या वर्षी मीच टाईप केलेला. धाकट्या साहेबांनी तो कॉम्प्युटरमध्ये घातला असणार आणि त्याचंच नाव बदलून हिराबायचा दावा केला असणार. नाव बदललं, गाव बदललं. चतुःसीमा राहिली.

मी काचेवर टकटक केलं. पान दाखवलं. सांगितलं की चतुःसीमा दुसऱ्या दाव्यातली आलीये.

धाकटे साहेब घड्याळाकडे बघत होते. कोर्टाची वेळ झालेली.

‘कॉम्प्युटर चुकत नाही. तू पानं शीव.’

मी पानं शिवली.

हे सांगायला मला अजून जड जातं. मला दिसत होतं, मला कळत होतं, आणि मी दाभण घेतलं, दोरा ओवला, आठवं पान सातव्या आणि नवव्याच्या मध्ये घालून शिवलं. साहेब समोर बसलेले. उठून त्यांना सांगता आलं असतं. दोन पावलं. पण दसऱ्यापासून मला सवयच लागलेली, बाहेर थांबायची. वाटलं, मरू दे, आपलं कोण ऐकतंय. मग हिराबाय आली, शेवटच्या पानावर तिने अंगठा उठवला. अंगठ्याच्या वर छापलेलं होतं, ‘मजकूर वाचून दाखविला, बरोबर आहे.’ कोणी वाचून दाखवला नव्हता. कोणीच कधी दाखवत नाही. तिच्या अंगठ्याची शाई मी फडक्याने पुसली.

कोर्टात मी नव्हते. हिराबायने नंतर सांगितलं, आणि आमच्या कारकुनानेही. बिल्डरचा वकील उठला, आठवं पान उघडलं आणि गोड आवाजात वाचलं. मग म्हणाला, साहेब, ही बाई खाडीकाठी राहते की वर्तकनगरला, एवढं आधी ठरवू दे. कोर्ट हसलं. जज्जसाहेबांनी मनाई दिली नाही. आधी दावा दुरुस्त करा म्हणाले, पुढची तारीख दिली. हिराबायला कळलं एवढंच की सगळे हसले आणि आपलं काम झालं नाही.

तारीख दोन आठवड्यांनी होती. कुंपण चार दिवसांत झालं. सिमेंटचे खांब, काटेरी तार, खळ्याच्या बरोब्बर मधून. मासळी सुकवायचे तिचे बांबू बिल्डरच्या माणसांनी उपटून बांधावर टाकले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या साहेबांनी काचेच्या आतून मला हात केला. ये. आत ये.

मी मागे बघितलं. दुसऱ्या कोणाला बोलावत असतील. नाही, मलाच. चप्पल काढली. गालिचा मऊ होता. एसीची थंडी अंगावर आली. साहेबही आत होते. मला खुर्ची दिली. नऊ वर्षांत त्या ऑफिसात मला कोणी ‘बस’ म्हणून खुर्ची पुढे केल्याचं आठवत नाही. टेबलावर एक कागद, वर पेन. छापून तयार.

वाचला. माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र. मी अमुक अमुक, धंदा टंकलेखन, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की सदर दाव्यातील चतुःसीमा माझ्या नजरचुकीने चुकीची टंकलिखित झाली.

आता हे वाक्य माझ्या ओळखीचं. वकिलाची चूक झाली, तारीख चुकली, नाव चुकलं, कलम चुकलं की दुरुस्ती अर्जात एक ओळ ठरलेली असते. ‘टंकलेखकाच्या नजरचुकीने.’ जगातल्या सगळ्या वकिलांच्या चुका आम्हीच करतो. हे वाक्य मी किती वेळा टाईप केलं असेल, मोजदाद नाही. कधी हसून केलं, कधी बघितलंही नाही. स्वतःच्या बोटांनी स्वतःला चोर ठरवायचं आणि खाली साहेबांच्या सहीसाठी जागा सोडायची. कामच होतं ते. पण तोपर्यंत नुसतं टंकलेखक असायचं. नाव नसायचं. शपथ नसायची.

साहेब म्हणाले, फॉर्मॅलिटी आहे. जज्जसाहेबांनी खुलासा मागितलाय. तुझ्यावर काही येत नाही.

मी बसून राहिले. एसीची घरघर. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर, त्याच्यावर दसऱ्याचं कुंकू अजून तसंच. मला हसू येईना, रडू येईना. नुसता थकवा. वाटलं सही करावी, घरी जावं, झोपावं. पेन उचललंसुद्धा.

आणि मग पायाला गालिचा लागला. उघड्या पायाला. मी खाली बघितलं आणि पेन ठेवलं.

‘साहेब, ह्या खोलीत मी आज पहिल्यांदा आले.’

त्यांना कळलं नाही. मी परत सांगितलं, हळूच. ह्या मशीनला माझा हात लागलेला नाही. मला आत यायची बंदी होती. वास कोंडतो म्हणून. मग ह्याच्यातली चूक माझ्या हातून कशी झाली?

धाकट्या साहेबांचे कान लाल झाले. साहेबांनी कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. माणूस वाईट नव्हता हो, हेच जास्त त्रासाचं आहे. माझ्या भावाच्या ॲडमिशनला त्यांनी चिठ्ठी दिलेली. मग त्यांनी दाराबाहेर बाकावर बसलेल्या हिराबायकडे बोट केलं.

‘तिचं पोट तुझ्या सहीवर आहे. विचार कर.’

इथे मी हलले. उठून बाहेर आले, हिराबायजवळ बसले, तिला सगळं खरं सांगितलं. चतुःसीमा कशी चुकली, आता काय सही मागतात. वाटलं, बाईमाणूस आहे, आपल्यातली आहे, म्हणेल शाबास गो, नको वाकू.

ती म्हणाली, ‘कर ना गो सही. तुजा कं जातंय?’

बरोबर होतं तिचं. तिचं खळं चाललेलं, तिला माझ्या मानपानाशी काय करायचंय. मग तिने वर बघितलं आणि विचारलं, कागद शिवताना तुला दिसलेलं का? मी हो म्हटलं. तिने विचारलं, मग मला का नाही सांगितलंस, अंगठा दिला तेव्हा मी तर इथेच बसलेली. ओरडली नाही. नुसतं विचारलं.   धाकट्यांना सांगितलं, साहेबांना सांगता आलं असतं, ह्याचा हिशेब मी मनात शंभर वेळा केलाय. पण जिची जागा, जिचा अंगठा, तिला मी सांगितलं नाही. धाकट्या साहेबांना ती दिसत नव्हती, ठीक. मलाही दिसली नाही? मी तिच्याशी तेच केलं जे माझ्याशी झालेलं. तिला बाहेर बसवलं.

तेव्हा काय लिहायचं ते माझं मला लख्ख कळलं. मी मोरीच्या दाराशी गेले, माझ्या मशीनला कागद लावला आणि टाईप केलं. सदर दावा ऑफिसातील कॉम्प्युटरवर जुन्या दाव्यावरून तयार करण्यात आला. जुन्या दाव्यातील चतुःसीमा त्यात तशीच राहिली. सदर कॉम्प्युटर हाताळण्यास मला मनाई होती. चूक माझ्या लक्षात आली, मी ती धाकट्या वकीलसाहेबांना सांगितली, परंतु अशिलास सांगितली नाही, एवढा दोष माझा आहे. चार वाक्यं. खाली सही केली. आत नेऊन टेबलावर ठेवलं.

‘ह्याच्यावर शपथ घेते. आत्ता चला कोर्टात.’

साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. धाकटे साहेब म्हणाले हे दाखल करता येणार नाही, ऑफिसची अब्रू जाईल. मी म्हटलं, मग ज्याने छापलं त्याने घ्या शपथ. बाईचं काम कोणाच्याही शपथेने होतंय. माझ्या नावाचं खोटं होणार नाही. एवढंच बोलले.  

शेवटी धाकट्या साहेबांनी स्वतःच्या नावाचं प्रतिज्ञापत्र केलं. त्या ऑफिसात चुकीखाली वकिलाचं नाव मी पहिल्यांदा पाहिलं. कागद छापून आला तेव्हा कडा फाडायला मला कोणी बोलावलं नाही. संध्याकाळी साहेब म्हणाले, तू आता दुसरीकडे बघ. मी दाभण आणि दोऱ्याचं रीळ टेबलावर ठेवलं. ते ऑफिसचं होतं.

दावा दुरुस्त झाला. मनाईही आली, दोन तारखांनंतर. हुकूम होता ‘जैसे थे’. म्हणजे आज जागा जशी आहे तशीच ठेवायची, कोणी बदल करायचा नाही. आज जागेत कुंपण होतं. मग कुंपण जैसे थे. तार काढायची तर कोर्टाचा अवमान. हिराबाय दिराच्या अंगणात सुकट घालायला लागली. मार्केटात मला दिसायची. बोलायची नाही. आईने माझ्या वतीने एकदा विषय काढला तर तिने पाटी उचलली आणि पलीकडे जाऊन बसली.

मी डोंबिवलीला कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, मी एकटी बत्तीस वर्षांची. पहिल्या दिवशी सर म्हणाले चपला बाहेर. मी काढल्या. हात मात्र लिंबाने धुतले नव्हते. त्या दिवसापासून कधी धुतले नाहीत. तीन आठवड्यांत सर माझ्याकडून मराठीचा की-बोर्ड शिकायला लागले. वास आला असेल तर कोणी बोललं नाही, आणि बोललं असतं तरी मी खुर्ची सोडली नसती.

पुढे कोर्टासमोरच्या गाळ्यात जुना कॉम्प्युटर घेऊन बसले. एसी नाही, काच नाही, दार उघडं. दुपारी आई मार्केटातून उठली की टोपली टेबलाखाली सारून तिथेच डबा खाते. वकील येतात, नाक मुरडतात, तरी येतात. दुसरीकडे वेळ लागतो. माझ्याकडे जुन्या दाव्यावरून नवा होत नाही, दर वेळी कोरं पान. आणि पक्षकार समोर बसल्याशिवाय मी छापत नाही. चतुःसीमा मी मोठ्याने वाचते. बाई डोळे मिटून ऐकते, बोटाने दिशा दाखवते, मान हलवते. मग प्रिंट. वकील चुळबुळ करतात, उशीर होतो म्हणतात. होऊ दे.

परवा एक मोठे वकील आले. दुरुस्ती अर्ज हवा होता, घाईत होते. उभ्याउभ्याच सांगायला लागले. दाव्यातील कलम चारमधील सर्व्हे नंबर हा टंकलेखकाच्या नजरचुकीने…

मी की-बोर्डवरून बोटं उचलली.

‘कोणाच्या, साहेब?’

ते म्हणाले, अगं नेहमीचंच, घाल ना. मी म्हटलं, दावा कोणी केलेला? नाव सांगा, घालते. त्यांनी घड्याळ बघितलं. बाहेर पुकारा चालू होता, त्यांची केस केव्हाही निघाली असती. मी हात मांडीवर घेऊन बसले. मला घाई नाही. जे नाव खरं आहे ते सांगतील तेव्हाच पुढचं अक्षर पडेल.